साध्या दुखण्याले डॉक्टर काहाले? तुम्ही डायरेक्ट मेडिकलात जाता का?

पांदणवाट
राम राम मंडळी. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, गावाचं नाव नाई सांगत. मागच्या मंगळवारी रात्री घसा धरला, बुधवारी अंग कसकस, थूक गिळू देईना. कापूस वेचणीचे दिवस, बाया वावरात लागलेल्या, मी झोपलो तं माप कोण करन? सरकारी दवाखाना 11 किलोमीटर, तिथं सकाळी नंबर लागला तं ठीक, दुपारी गेलं की फाटकावर कुत्रं भेटते. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे 200 फी, 300 च्या गोळ्या, पेट्रोल, आन दिवस गेला तो येगळाच.

म्हून फाट्यावरच्या मेडिकलात गेलो. त्यानं इचारलं, ताप किती दिवसाचा, खोकला हाय का, श्वास अडकते का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू हायेत का, कोणत्या औषधानं अंगावर गांधी उठते का. मंग पॅरासिटामॉल देलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगतल्या. म्हणे तीन दिवसात ताप नाई उतरला, नाई तं थूक गिळणंच बंद झालं, तं माझ्याकडे येऊ नको, सिद्धा दवाखान्यात जाय. बिल 22 रुपये. शनिवारी मी वावरात.

घरी मात्र भांडण. बायको म्हणते डॉक्टर काय उगाच पाच वर्सं शिकते का. पुण्याच्या साळ्यानं फोनवर अर्धा तास लेक्चर देलं. म्हून इथं इचारतो, तुम्ही कोणकोणत्या दुखण्याले मेडिकलात जाता, आन कुठं थांबता?

सावजी_रस्सा
आमचा मेडिकलवाला मले पाहूनच अ‍ॅसिडिटीची गोळी काढून ठेवते. सोमवारी गेलो की म्हणते, काल रविवार होता ना बे.

कपाशीवाला
पांदणवाट भाऊ, तुम्ही काही चुकलं नाई केलं. आमच्याकडे तं मेडिकल म्हणजेच दवाखाना. सर्दी, खोकला, हगवण, खरचटलं, डोळे आले, सगळं तिथंच. डॉक्टर कोणासाठी, तं जो मेडिकलवाल्याच्या गोळीनं बरा नाई झाला त्याच्यासाठी.

पुण्यातला_विदर्भी
हा तुमचा साळा मी नाही हे आधीच स्पष्ट करतो 😄 पण त्याचा मुद्दा बरोबर आहे. पॅरासिटामॉलपर्यंत ठीक. पण गावात कोणी पॅरासिटामॉलवर थांबतं का? 'स्ट्राँग दे' म्हणतात आणि तो अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक काढून देतो, तेही कधी दोनच गोळ्या. घसा बहुतेक वेळा व्हायरसनं धरतो, त्याला अँटिबायोटिक काहीच करत नाही, आपोआप बरा होतो आणि नाव गोळीचं होतं. पत्त्याच्या पाठीमागं उभी लाल रेघ असते ना, ती डिझाईन म्हणून नसते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा तिचा अर्थ आहे.

कपाशीवाला
आमच्या गावात ती लाल रेघ पाहून लोकं म्हणते, ही भारीवाली हाय, हीच दे.

उपकेंद्र_ताई
मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे, बुलढाणा जिल्हा. मोठ्या माणसानं साध्या तापाला मेडिकलातून गोळी घेतली तर माझी काही तक्रार नाही. लेकरांच्या बाबतीत आहे. दोन वर्षांपूर्वी 9 महिन्याचं लेकरू आलं, चार दिवस मेडिकलातून आणलेलं खोकल्याचं औषध चालू. आजी म्हणे सर्दीच हाये ताई, फक्त दूध पीत नाई. कापड वर करून मिनिटभर पोटाकडं पाहत श्वास मोजले तर 58. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या लेकराचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, आणि 1 ते 5 वर्षांच्या लेकराचे 40 किंवा जास्त भरले तर आम्ही न्यूमोनिया धरून चालतो. लगेच पुढं पाठवलं, वाचलं. आता ते मेडिकलवाले भाऊ काही वाईट नाहीत हो, पण लेकरू दुकानात आलंच नव्हतं, बाप एकटाच येऊन 'खोकल्याचं द्या' म्हणाला. न पाहता काय कळणार?

आणि एक, तापाचे थेंब आणि तापाचं सिरप एकच समजू नका. थेंबांच्या औषधात 1 मिलीत 100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सिरपमध्ये साधारण 5 मिलीत 125. थेंबांची बाटली चमच्यानं पाजली की चौपट डोस जातो पोटात. हे मी डोळ्यानं पाहिलंय. आणि उपकेंद्रात आम्ही फुकट बसलोय हे कोणी लक्षातच घेत नाही!

ठेचा_भाकर
ताई, तुमचं उपकेंद्र उघडं असते का पण?

उपकेंद्र_ताई
लसीकरणाच्या दिवशी बंद दिसतं, कारण मी तुमच्याच गावच्या अंगणवाडीत असते. बाकी दिवशी या, चहा पाजते.

चिठ्ठी_दाखवा
मी मेडिकलवाला. डी.फार्म., अमरावती जिल्हा, बाजाराचं गाव, दुकानाला 14 वर्ष झाली. आता सगळे आमच्याबद्दल बोलून राहिले तर आमची बाजू पण ऐका, थोडं लांबन.

बारावी सायन्सनंतर दोन वर्षाचा कोर्स आणि वर 500 तासाची ट्रेनिंग, एवढं आमचं शिक्षण. त्यात औषधं शिकवतात, रोग ओळखणं नाही शिकवत. हे मी स्वतः कबूल करतो. कायद्यात शेड्यूल एच नावाची औषधांची यादी हाये, तिच्यातलं काहीच मी चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही. त्याच्याहून कडक यादी एच-वन, 2014 पासून लागू हाये, त्यात टीबीची औषधं, भारीवाले अँटिबायोटिक, काही झोपेच्या गोळ्या, त्यासाठी येगळं रजिस्टर, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्ष सांभाळायचं.

आता दुकानात काय होते ते सांगतो. सकाळी 9 वाजता माणूस येते, मजुरीवर जाची घाई, म्हणते दोन कॅप्सूल दे, मागच्या वेळी दिली होती ती. मी म्हटलं चिठ्ठी. तो म्हणते, तू तं लय शहाणा झाला बे, आणि समोरच्या दुकानातून घेऊन माझ्याच पायरीवर बसून पाण्यासोबत गिळते. वरून माझ्याकडची उधारी तशीच. पहिले चार-पाच वर्ष मी पण देत होतो, खोटं काहाले बोलू. एका बाईले कोणती तरी गोळी रिअ‍ॅक्शन झाली, तोंड सुजलं, ओठ एवढाले झाले, तिले अमरावतीले नेईपर्यंत माझा जीव ठिकाणावर नव्हता. तेव्हापासून बंद.

मी कोणाला परत पाठवतो? तीन दिवसाच्या वरचा ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं, शौचातून रक्त, पोटुशी बाई, वर्षाच्या आतलं लेकरू, आणि फवारणी करून आलेला माणूस. हे शेवटचं नीट वाचा. एक पोरगा फवारून आला, म्हणे डोकं दुखून राहिलं, मळमळ होते, गोळी दे. त्याच्या तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब, आणि डोळ्याची बाहुली मोहरीएवढी बारीक. मी गोळी नाही दिली, शेजाऱ्याच्या बोलेरोत घातला. 2017 ले यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आठवत असन सगळ्यायले. त्यातले किती जण आधी डोकेदुखीची गोळी घेऊन झोपले असतील, माहीत नाही. फवारून आल्यावर डोकं दुखलं तं माझ्याकडे येऊ नका रे बाबांनो. कपडे काढा, साबणानं आंघोळ करा, डबा सोबत घ्या आणि मोठ्या दवाखान्यात जा.

पांदणवाट
चिठ्ठी_दाखवा भाऊ, डबा काहाले न्यायचा?

चिठ्ठी_दाखवा
कोणतं विष हाय ते डब्यावर लिहिलेलं राहते. डॉक्टरले अंदाज नाही लावावं लागत.

इरसाल_आबा
बाकी सगळं बरोबर. पण एक सांग बावा, भिंतीवर फ्रेम कोणाची आणि गल्ल्यावर बसते कोण? आमच्या इथल्या दुकानात सर्टिफिकेटवाला नागपुरात नोकरी करते, महिन्याचं भाडं घेते, आणि गोळ्या देते मालकाचा भाचा, दहावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला. त्याले म्हटलं पोटात मुरडा येऊन राहिला, त्यानं मोबाईलवर टाईप केलं आणि मलेच वाचून दाखवलं.

चिठ्ठी_दाखवा
आबा, आमच्या धंद्याची हीच लाज आहे. कायदा 1948 चा आहे, चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं, त्यावर मी काय बोलू. भिंतीवरच्या फोटोतला माणूस समोर बसला हाये का तेवढं पाहात जा, तो तुमचा हक्क हाय.

बोरी_बाभळी
मुद्दा थोडा वेगळा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला 2023 च्या पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झालं. घामाचे दिवस, ओली पँट. मेडिकलात सांगायला पण लाज. त्यानं एक ट्यूब दिली, दोन दिवसांत खाज गायब, मी खूश. बंद केली की परत, आणि परत आली की आधीपेक्षा मोठं चकंदळ. असं करता करता दीड वर्षात सात-आठ ट्यूबा. मग ते पोटावर, पाठीवर, बायकोला, मुलीला पण. मूळ रिंगणाचा आकारच राहिला नाही. शेवटी वर्ध्याला स्किनच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी रिकामी ट्यूब मागितली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. खाज दाबते आणि बुरशीला खतपाणी घालते, अशा शब्दात सांगितलं त्यांनी. पुढं तीन महिने औषध, सगळ्या घराचे कपडे गरम पाण्यातून, ऊन दाखवून. जागा पातळ झालीये चामडीची, पांढऱ्या रेघा अजून आहेत.

ट्यूब किती रुपयांची होती माहीत आहे का? 90 ची. डॉक्टरचे 400 वाचवले म्हणून मी मित्राला पण तीच सांगितली होती. त्याचा मला अजून फोन येतो.

सावजी_रस्सा
मित्र शिव्या द्यायले करते का फोन?

बोरी_बाभळी
नाही ना. ट्यूबचं नाव विसरला म्हणून.

पुण्यातला_विदर्भी
😂😂 हे खरं आहे आपल्याकडचं. अशी स्टेरॉइडची मलमं 2018 मध्ये चिठ्ठीच्या यादीत टाकली सरकारनं. मिळतात तशीच.

जाईजुई
गजकर्णावर बोललात म्हणून हिंमत करते. बायकांचं काय? लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या वेळचं पोट दुखणं, हे त्या काउंटरवर चार पुरुष तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे असताना कसं सांगायचं? मी नवऱ्याला पाठवते, तो तिथं जाऊन 'हिच्या पोटात दुखते' एवढंच सांगतो, आणि मला गॅसची गोळी येते.

लेस्टरची_वऱ्हाडीण
जाईजुई, तुझ्या प्रश्नावरून लिहिते. मी मूळची अकोट तालुक्याची, सध्या इंग्लंडला. इथं 31 जानेवारी 2024 पासून 'फार्मसी फर्स्ट' नावाची सोय सुरू आहे. सात दुखण्यांसाठी फार्मसिस्ट स्वतः तपासून गरज पडली तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो, डॉक्टरकडं न जाता. सायनस, घसा, कानदुखी, किडा चावून पिकलेली जागा, लेकरांच्या तोंडाभोवती खपल्या धरणारे फोड, नागीण, आणि बायकांची लघवीची जळजळ. दुकानाच्या आत वेगळी छोटी खोली असते, दार लावून बोलतात. वयाच्या अटी पण कडक, कानदुखी फक्त 1 ते 17 वर्ष, लघवीचं फक्त 16 ते 64 च्या बायकांना, तेही ताप किंवा पाठीत कळ असेल तर सरळ डॉक्टरकडं. आणि काय दिलं ते तुमच्या डॉक्टरला कळवतात.

पण इथं एरवी फार्मसीत कितीही पैसे टेकवा, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची गोळी अशी सहज मिळत नाही. माझी सासू इंडियातून आली की अर्धी बॅग गोळ्यांची असते.

इरसाल_आबा
म्हणजे आमचा भाचा इंग्लंडच्या पुढं हाये. त्याईले सात आजार, याले सत्तर.

कपाशीवाला
मंग आपल्याकडे काऊन नाही करत हे? खोली नाई तं पडदा तरी लावा.

चिठ्ठी_दाखवा
पडदा लावला तर बाहेरचे खर्रावाले पडद्याच्या मागं काय चाललं ते पाहाले जास्त येतील. पण जाईजुई ताईचं बरोबर आहे, माझ्या हे डोक्यात आलंच नव्हतं कधी.

ठेचा_भाकर
तुम्ही मेडिकलची गोष्ट करून राहिले, आमच्या गावात मेडिकलच नाई. किराण्यात तापाची गोळी भेटते, खर्राच्या सुपारीच्या बरणीच्या बाजूले. गोळीले सुद्धा वास येते सुपारीचा. हे चालते का कायद्यात?

चिठ्ठी_दाखवा
हजाराच्या आत वस्तीचं गाव असन तर पॅरासिटामॉल, बाम, अँटासिड, ग्राइप वॉटर अशा मोजक्या गोष्टी लायसनशिवाय विकायची सूट आहे. मूळ पॅकिंगमध्ये, बरं का. सुपारीच्या वासाची सूट नाही.

धानाचं_बांधं
गोंदियाकडून. मेडिकलवाल्याच्या अंगदुखीच्या गोळीवर माझा भाऊ चौथीपासून दहावीपर्यंत राहिला. हातपाय ठणकले की गोळी, हिवाळ्यात जास्त, सगळे म्हणत वाढीचं वय आहे. आश्रमशाळेत रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल निघालं, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार घराघरात आहे. कुणाचं लेकरू वारंवार हाडं दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळट दिसत असतील, तर मेडिकल नको आणि झोलाछाप, म्हणजे डिग्री नसलेला डॉक्टर, पण नको. रक्त तपासा, सरकारीत फुकट होते.

पुण्यातला_विदर्भी
झोलाछाप म्हणालात ते महत्त्वाचं. खरी लढत मेडिकल विरुद्ध डॉक्टर अशी नाहीच. गावात तिसरा पण आहे, सायकलच्या हँडलला पिशवी लावून फिरणारा, सलाईन आणि सुईवाला.

सोयाबीन_सोंगणी
त्या पिशवीवाल्याची पुडी माझ्या आईनं गुडघ्यासाठी तीन वर्ष खाल्ली. चार गोळ्या कागदात, एक बारकी पांढरी. काय जादू, बाई पळत सुटली. मग तोंड चंद्रासारखं गोल, पोट वाढलं, शुगर 300. वाशिमच्या डॉक्टरनी सांगितलं ती बारकी पांढरी स्टेरॉइड, आणि आता एकदम बंद पण नाही करता येणार, हळूहळू उतरवावी लागेल. आमच्या मेडिकलवाल्यानं मात्र आधीच टोकलं होतं, काकू ही पुडी उघडून मला दाखव म्हणून. आईनं नाही दाखवली. म्हणे तुझा धंदा जाते म्हणून तू जळतो.

उपकेंद्र_ताई
जाता जाता उन्हाळ्याचं सांगते. आता थंडी आहे पण एप्रिल-मे यायला वेळ लागत नाही. मेडिकलात ओआरएस मागितलं की काही ठिकाणी गोड टेट्रापॅक हातात देत होते, लेकरंही खूश. त्यात साखर जास्त, मीठ कमी. 2025 च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस लिहायलाच बंदी घातली. तुम्ही 20.5 ग्रॅमची पुडी मागा, पूर्ण पुडी 1 लिटर पाण्यात, अर्धी-पाव करू नका. लेकराच्या हगवणीत सोबत झिंक 14 दिवस. दोन्ही माझ्याकडे आणि आशाताईकडे फुकट आहे हे मी दुसऱ्यांदा सांगतेय.

ठेचा_भाकर
ताई, चहासोबत भेटन का?

कपाशीवाला
पण एक गोष्ट बोलतो, राग नका मानू. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधानं गेली, किडन्या बंद पडून, कितीतरी आपल्या नागपुरात भरती होती. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. त्यातल्या बऱ्याच लेकराईले ते डॉक्टरनंच लिहून देलं होतं ना? मंग चिठ्ठी हाय म्हणजे सगळं बरोबर, असं बी कसं म्हणता?

उपकेंद्र_ताई
भाऊ, त्याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच की लहान लेकराच्या साध्या खोकल्याला सिरप लागतच नाही बहुतेक वेळा. दोन वर्षांच्या आत तर देऊच नये.

पांदणवाट
मंडळी, चार दिवस वेचणीत होतो, सगळं आज वाचलं. बायकोनं बी वाचलं, म्हणते पाहा, गजकर्णवाल्या भाऊचं वाच. मी म्हटलं मले घसा झाला होता, जांघ नाई.

पण इरसाल आबाचं वाचून डोक्यात किडा घुसला. आज मुद्दाम फाट्यावर गेलो, भिंतीवरची फ्रेम पाहिली. फोटो बाईचा. म्हटलं दादा हे कोण? तो हसला, म्हणे माझी मिसेस. डी.फार्म. तिचं हाय, सकाळी पोराचा डबा, सासूचं पाणी, हे सगळं करून ती दुपारी 2 वाजता दुकानात येते, रात्रीलोक बसते. सकाळच्याले मी.

मी म्हटलं मंग तुमचं शिक्षण? म्हणे बी.ए. मराठी.

चिठ्ठी_दाखवा
म्हणजे सकाळी दुकानातून चिठ्ठीचं जे औषध जाते ते नियमात बसत नाही. त्याले सांगा, सकाळी फक्त साबण आणि पावडर विक.

पांदणवाट
सांगतलं. म्हणे सकाळी तीच फोनवर असते, मी इचारतो ती सांगते, तुमच्या वेळी बी तेच केलं, तुम्ही मागं खुर्चीत कण्हत होते, तुमाले ऐकू नाई गेलं.

घरी येऊन हे सांगतलं तं आई आन बायको एकमेकीकडे पाहून हासल्या. जाईजुई ताई, हे तुमच्यासाठी लिहितो. आमच्या गावच्या बाया दोन वर्सापासून बरोबर 2 च्या नंतरच जाते मेडिकलात. मलेच माहीत नव्हतं. बायको म्हणते, मी तुमाले डॉक्टरकडे जा म्हणत होती कारण तुम्ही सकाळचे गेले होते.

जाईजुई
फाटा कोणता, तेवढं सांगा हो.

इरसाल_आबा
पण बी.ए. मराठी होता म्हणूनच तीन दिवस, थूक, श्वास, सगळं इतकं सुटसुटीत समजावून सांगतलं बावा त्यानं. बी.फार्म. असता तर पुडी हातात देऊन 'दिवसातून तीनदा' म्हटलं असतं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं असतं.